प्याल्याशेजारचा ट्रे

मंडळी,

कसाऱ्याहून, शहापूरहून, म्हसा गावाकडच्या वाड्यांवरून तुम्ही आलात. एस्तेरबाईंचे यजमान नाना, त्यांची भावकी आली आहे. मागे कुणी उभं राहू नका, पुढे जागा आहे.

मला बोलायला कधी जड जात नाही, असं तुम्हाला वाटतं. एरवी खरंच जात नाही. या मुरबाडात मी बाजारात बोललो, एसटी स्टँडवर बोललो, लोक उठून गेले तरी बोललो. आज जड जातंय. दुःख आहेच. पण जड जातंय ते भीतीने.

एस्तेरबाई गेल्या. आपल्या छोट्या मंडळीला पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही. उपासना बाई चालवत, प्रभुभोजनही बाईच देत. बाईमाणसाने भाकर मोडावी का, असं बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी रोज कोण मोडतं?" गृहस्थ चहा पिऊन गेले.

अशा होत्या त्या. उदारमतवाद हा शब्द मी पुस्तकांतून शिकलो. बाई तो जगत होत्या, आणि शब्द उच्चारला की हसत होत्या. मी एकदा तावातावाने विचारलं, "बाई, येशू पाण्यावरून चालला, हे तुम्ही खरं मानता?" म्हणाल्या, "ते मला नाय ठाऊक रे शमुवेल. तू पावसात चिखलातून वाडीपर्यंत चालत ये, मग बोलू." शंका घेणाऱ्याला त्यांनी कधी दार दाखवलं नाही. नाना इथे शेवटच्या बाकावर बसले आहेत. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. लोक टोचायचे, बाई, नवऱ्याला कधी आणणार? त्या म्हणायच्या, "त्यानं मला माझ्या देवाकडं जाऊ दिलं. मी त्याला त्याच्या देवाकडं जाऊ देते. संसार असाच चालतो." नाना, चुकत असेन तर सांगा.

मग मला भीती कसली वाटते?

या टेबलाकडे बघा. बाईंचा पितळेचा प्याला आहे. त्याच्या शेजारी एक ट्रे आहे, त्यात छोटे छोटे कप. सकाळी मी दार उघडलं तेव्हा तो ट्रे इथे नव्हता. बाई मातीत गेल्या आणि ट्रे कपाटातून बाहेर आला.

नानांच्या भावकीसाठी सांगतो. येशूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या माणसांना भाकर दिली, प्याला दिला. त्याची आठवण म्हणून आम्ही सगळे मिळून भाकरीचा तुकडा घेतो, द्राक्षरस घेतो. पूर्वी सगळे याच प्याल्यातून घेत. साथ आली तेव्हा बाईंनीच हे कप आणले. "देव काय भांडी मोजत बसत नाय," म्हणाल्या. साथ गेली. निम्मे म्हणाले प्याला, निम्मे म्हणाले कप.

तेव्हा मी तोडगा काढला. दोन्ही ठेवू. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं. सक्ती नको. विवेकाचं स्वातंत्र्य, दुसरं काय? सुंदर बोललो होतो त्या दिवशी. तुम्ही माना डोलावल्या होत्या.

पुढचा रविवार आठवा. शहापूरहून मोटारीने येणारे ट्रेकडे गेले. मुरबाडचे पगारदार ट्रेकडे गेले. प्याल्याकडे कोण उरलं? कातकरी वाडीची माणसं. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. सगळ्यांनी आपापल्या विवेकाने घेतलं. आणि प्रभूच्या घरात दोन पंगती बसल्या.

बाईंनी प्याला खाली ठेवला. म्हणाल्या, "आजचं भोजन झालं नाय. घरी जावा."

आपले विल्सनभाऊ उठले. "बाई, स्वच्छतेचा प्रश्न आहे."

"विल्सन, म्हसाच्या जत्रेत भजी खाल्लीस ती कुणाच्या हातची, विचारलंस?"

"तिथं आपण पैसे देतो, बाई."

"म्हणजे पैसे दिले की हात धुतले जातात. बरंय."

विल्सनभाऊ, तुम्हीही हसला होतात. आठवतंय ना?

तेवढ्यात वाडीची जनीआजी उठली. ती आज पुढे बसली आहे. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "भांडू नका गो बाई. आमी बाहेर बसतू. आमाला सवय हाय."

आमाला सवय हाय. एवढं वाचलं मी, पण इतकं जड वाक्य कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

पुढच्या रविवारी बाईंनी नियम सांगितला. भाकरीचा तुकडा या प्याल्यात बुडवायचा आणि खायचा. कुणाचं उष्टं कुणाला नाही. "उद्या पुन्हा साथ आली तर पुन्हा कप आणू. पण मग सगळ्यांनाच कप. पद्धत कुठलीही घ्या, पंगत एक पायजे." काही घरं त्यानंतर कल्याणच्या मंडळीत जाऊ लागली. पुढचे बाक रिकामे झाले.

मी चिडलो. बाईंना म्हणालो, "तुम्हीसुद्धा शेवटी कर्मठ निघालात." त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. म्हणाल्या, "दार उघडं ठेव म्हणते मी. तू भिंतच काढायला निघालास. भिंत नसली तर दार बसवशील कशात?"

मंडळी, उदारपणाची हद्द मला त्या दिवशी कळली. शास्त्राचा अर्थ बदलू दे. गाणं, भाषा, रीत बदलू दे. शंका असू दे. पण माझ्या मोकळेपणामुळे दुसऱ्याला दाराबाहेर बसावं लागत असेल, तर त्याला मोकळेपणा म्हणायचं नाही. त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो या मातीत फार जुना आहे. त्याच्यातून सुटायला आपले आजोबा-पणजोबा या घरात आले होते.

हे मला कळलंय. तरी भीती वाटते. येत्या रविवारी हा प्याला मी धरायचा, असं तुम्ही ठरवलंत. विल्सनभाऊ माझे लहानपणापासूनचे मित्र. ते निघून जातील, याची भीती. आधीच मूठभर आहोत. बाहेर लोक विचारतात, तुमच्यात वेगळं काय? बाक ओस पडले तर काय दाखवू? आणि जनीआजीची भीती तर सगळ्यांत जास्त. विल्सनभाऊ गेले तर भांडून जातील, तेव्हा त्यांना परत आणता येईल. आजी भांडणार नाही. ती फक्त यायची बंद होईल.

आणि भीती या जिभेची. मी कुठल्याही बाजूने बोलू शकतो. रविवारी सकाळी समोर चेहरे बघून मी पुन्हा म्हणेन, दोन्ही ठेवू, सक्ती नको. सुंदर बोलेन. तुम्ही माना डोलवाल. तेव्हा तांदूळ पाखडता पाखडता मला अडवणारं कुणी नसेल.

म्हणून आज, तोंड उघडं आहे तोवर, बाईंच्या या प्याल्यादेखत बोलून ठेवतो. रविवारी इथे एक पंगत असेल. मी भाकर बुडवेन ती जनीआजीच्या मागे उभा राहून, शेवटी.

आता उभे राहा. नाना, तुम्हीही. बाईंसाठी थोडा वेळ काहीच बोलायचं नाही. सगळ्यांनी डोळे मिटायचे. ज्याने कुणी हा ट्रे इथे आणून ठेवला, त्याने तेवढ्यात तो उचलून परत कपाटात ठेवावा. त्याला कुणी बघणार नाही, कुणी विचारणार नाही. बाईंनीही विचारलं नसतं.

डोळे उघडू तेव्हा टेबलावर काय असेल, मला माहीत नाही.

मिटा डोळे.