उतारावर बंद पडणारी गाडी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, सहल मंडळाचे सभासद, आपापली स्वयंपाकघरं सोडून आलेल्या यजमान भगिनी, आणि मागच्या रांगेत अजून खुर्चीवरून भांडणारी मंडळी, बसून घ्या. मी थोडक्यात बोलणार आहे, पण तुम्ही गप्प झाल्याशिवाय सुरू करणार नाही.

धन्यवाद.

आज आपण आपल्या गाडीचालकांना निरोप देतो आहोत. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. किनाऱ्यावर येणाऱ्या प्रवाशांना इथलं खाणंपिणं दाखवणारी आपली सहल इतकी वर्षं त्यांच्याच गाडीतून निघाली. बंदरावरचा मासळीचा लिलाव, मग मिठागर, आणि शेवटी अध्यक्षांच्या जावयांच्या उपाहारगृहात जेवण. तिथे खिडकीतून समुद्र फार छान दिसतो. जेवणाबद्दल मी बोलत नाही. जावईबापू समोरच बसले आहेत.

आता एक तांत्रिक बाब. दादांची गाडी बंद पडायची. यंत्र आहे, पडणारच. पण चढावर धाप लागली तर मी समजू शकते. ही बर्फाच्या कारखान्याजवळच्या उतारावर थांबायची. तीही नेमकी जेवणाच्या वेळेला, आणि नेमकी दादांच्या धाकट्या बहिणीच्या दारासमोर.

या बहिणीने नवरा गेल्यावर पुढच्या खोलीत बाकं टाकून खाणावळ सुरू केली. आम्हालाही सहलीत घ्या, अशी मंडळाला विनंती केली. मंडळाने नकार दिला. कारण काय? तर तिच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. "प्रवासी खिडकी खाणार आहेत का?" असं मी विचारलं होतं. पण माझं मत एकटं पडलं.

त्यानंतरच गाडीची प्रकृती ढासळली, हा निव्वळ योगायोग.

अध्यक्षांनी एकदा मेकॅनिक पाठवला. तो दुपारभर तिकडेच. परत आला तेव्हा हाताला तेलाचा डाग नव्हता, शर्टावर मात्र रश्श्याचा होता. मी विचारलं, "काय सापडलं?"

"भाजलेला मासा, शिंपल्यांचा रस्सा, वर लिंबाचं सरबत. बिघाड मोठा आहे बाई, मला पुन्हा जावं लागेल."

मग मी दादांनाच कार्यालयात बोलावलं. "रिकामी असताना कशी हो बंद पडत नाही तुमची गाडी?"

"तिला चार माणसांत लाजायला होतं, बाई."

"दादा!"

"तुम्ही स्वतः बसून बघा एकदा. तुमच्या धाकाने चालेलही."

मी बसले. बंद पडली. त्या रश्श्याविषयी बोलायला आज वेळ नाही.

मागच्या मोसमात एका दूरदेशीच्या बाईंचा फोन आला. "गाडी बंद पडते, ती सहल तुमचीच ना? मैत्रिणीने बजावलंय, दुसरी घेऊ नकोस म्हणून."

आता हसणं पुरे. उद्यापासून नवी गाडी येते आहे, नवे चालक येत आहेत. मी स्वतः फेरी मारून पाहिली. ती कुठेही बंद पडत नाही. दादा लेकीकडे राहायला चालले आहेत. निरोपाची भेटवस्तू नको म्हणाले. फक्त एवढंच विचारलं, "बाई, आता धाकटीच्या दारात कोण थांबणार?" तेव्हा ते माझ्या हातात नव्हतं. आज माझ्या हातात माईक आहे.

तर अध्यक्षमहोदय, ही खाणावळ सहलीत घ्यायची का? घड्याळ पाहू नका, मला घाई नाही. जावईबापू, सासऱ्यांच्या कानाला का लागता? मोठ्याने बोला. काय म्हणालात? "मामा, हो म्हणा, मीसुद्धा तिथेच जेवतो"?

ऐकलंत ना सगळ्यांनी?

अध्यक्षांनी मान हलवली आहे. आडवी नव्हे, उभी. शेकडो डोळे साक्षीला आहेत. नवे चालक, त्या उतारावर थांबायचं, आणि चारचौघांत किल्ली फिरवून उजळ माथ्याने थांबायचं. दादा, डोळे पुसा, अजून हार घालायचा आहे.

आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाला काही टोचलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. झालेला निर्णय मात्र सोडू नका.