म्हातारीच्या घासासाठी माझी खरडपट्टी

...आणि वर मलाच विचारते, "खाल्लं का तिनं?" अहो, मी! मी सकाळपासून उपाशी, एका हातात सुई, काखेत टॉवेल, मनगटावर ओरखडे, डावा पाय चपलेत आणि उजवा पाय कशात पडलाय ते खाली बघायचा धीर नाही... आणि फोनवर आमची ही काय विचारते? तुम्ही जेवलात का? नाही! पडलात का, मेलात का? तेही नाही! "खाल्लं का तिनं?" तिनं म्हणजे कोणी? मांजरीनं!

हसा, हसा. तुमच्या घरातली मांजर अजून म्हातारी झाली नाही म्हणून हसताय.

तुम्हाला सांगतो, मी तिला म्हातारीच म्हणतो. त्यावरूनही घरात कटकट, कारण "म्हातारी कुठाय?" म्हटलं की दोघी एकदम माझ्याकडे बघतात आणि दोघींचे कान मागे गेलेले असतात. तर या म्हातारीला झाली साखर. आता मला सांगा, उभ्या जन्मात तिनं गोडाला तोंड लावलं नाही. कपाटाच्या दारामागे उभा राहून बिस्किटं खातो मी, आणि साखर झाली तिला! न्याय नावाची काही चीज आहे की नाही? पाणी पिते ती अशी, की विहीर असती तर आटली असती. आणि प्यायलेलं पाणी जातं कुठं? माझ्या चपलेत! खाते, तरी अंगाला काही लागत नाही, पाठीची हाडं वाजवून दाखवावीत अशी झालीय. मागचे पाय पार टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालते, झिंगलेल्या सशासारखी. लोकांना मांजर एखाद्या वेळी आडवं जातं हो, मला आयुष्यात कायमचंच आडवं आलंय!

जनावरांचा डॉक्टर म्हणजे पोरगेला. मिशी अजून यावं की न यावं या विचारात आहे. पण बोलतो माझ्या आजोबासारखा. "काका, इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. आधी नीट खाऊ द्यायचं, मग टोचायचं. न खाता टोचलं तर साखर धाडकन उतरेल, जीव जाईल." मी म्हटलं, "आणि टोचलंच नाही तर?" "मग साखर चढत जाईल." "मग?" "मगही जीव जाईल." घ्या! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, सुई घेऊन!

आधी हे सगळं हीच करायची हो. बाटली फ्रिजमधून काढायची, खळखळवायची नाही, तळहातात हलकी घोळवायची, सुई भरायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा आणि टुच्! म्हातारीला पत्ताही नाही. मी आपला लांबून "आता मला टोच, आता मला टोच" म्हणून खिदळत बसायचो. मग लेक बाळंत झाली, लांब, दुसऱ्या गावी. ही निघाली. दारात उभी, हातात पिशवी, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, माझ्यासाठी. मीही जरा नाक ओढलं. तर म्हणते, "अहो, जन्मभर टवाळी केलीत, मी काही मागितलं नाही. मी परत येईन तेव्हा ही मला जिवंत दिसू दे. हिला काही झालं तर..." आणि थांबली. आमची ही, बोलता बोलता थांबली! असं कधी झालंच नव्हतं हो. मीही टवाळी गिळली. कारण मला ठाऊक आहे ना, लेक लग्न होऊन गेली त्या वर्षी ही मांजर जिन्यात सापडली, मुठीएवढी. तेव्हापासून हिच्या पायाशी झोपते. लेकीच्या खोलीचं दार तेव्हापासून उघडं राहायला लागलं. यावर आम्ही कधी बोललो नाही, पण आंधळा नाही मी.

ही गेली आणि म्हातारीनं वाटीकडे पाठ फिरवली.

मासा दिला, नाही. कोंबडी दिली, नाही. कोमट करून दिली, बोटावर घेऊन दिली, स्वतः जमिनीवर रांगत "हम् हम्, काय मस्त लागतंय" करून दाखवलं... चव घेतली हो मी, खरंच घेतली, त्याबद्दल आपण न बोललेलं बरं. "ये गं सोन्या, ये गं राजा, एक घास..." ती ढिम्म. आणि फोन वाजला. "खाल्लं का तिनं?" मी म्हटलं, "नाही गं." "चेष्टा पुरे हां तुमची!" "अगं खरंच..." "मला फसवू नका, मी ओळखून आहे तुम्हाला!"

आता तिची तरी काय चूक? मला शाळेतून हाकललं तेच मुळी हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली म्हणून. अर्धी शाळा घरी गेलीसुद्धा होती! तेव्हापासून मला कुणाचा आवाज ऐकला की काढल्याशिवाय करमत नाही. त्या जनावरांच्या दवाखान्यात फोन घेणारी मुलगी आहे ना, तिला मी एकदा जाड्या आवाजात फोन केला होता, "आमच्या हत्तीला शिंका येतायत, टेबलावर घ्याल का?" बिचारी आत डॉक्टरला विचारून आली! "टेबल जरा लहान आहे, म्हणतायत." तेव्हापासून दर वेळी नवा आवाज, नवं जनावर; आता माझा नंबर दिसला की ती आधीच हसते. अशी माणसं असल्यावर मी गप्प कसा बसणार, तुम्हीच सांगा.

पण म्हातारी खाईना. खात नाही म्हणून सुई नाही, सुई नाही म्हणून साखर वर, साखर वर म्हणून ती कोपऱ्यात लोळागोळा. मी एका हातानं फोन धरलाय, दुसऱ्या हातानं वाटी सरकवतोय, आणि कोपर लागून हिची आवडती किटली खाली... खळ्! फोन स्पीकरवर होता. झालं! "फोडलीत ना? फोडलीत ना किटली? माझी पाठ वळली की घराचा उकिरडा! डोळे आहेत की गोट्या? सतरांदा सांगितलं ओट्याच्या कडेला ठेवू नका..." आणि म्हातारीचे कान उभे! उठली. डुलत डुलत आली. वाटीत तोंड घातलं आणि चपचप चपचप!

मी बघतच राहिलो. मग डोक्यात उजेड पडला. अहो, इतकी वर्षं या मांजरीच्या वाटीत खाणं पडतं ते कसं? खाली वाटी टेकते आणि वर माझ्या नावाचा पट्टा सुरू होतो! हातानं तिला वाढायचं, तोंडानं मला झाडायचं, एका वेळी दोन कामं, आमची ही तशी कामाला वाघ आहे. "ये गं सोन्या" हे म्हातारीनं जन्मात ऐकलेलं नाही. तिची जेवणाची घंटा म्हणजे माझी खरडपट्टी!

मग काय, रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःहून फोन लावायचा आणि शिव्या मागून घ्यायच्या! बरं, त्यासाठी गुन्हा नको का करायला? ओला टॉवेल गादीवर टाकून फोन. दुधाचं पातेलं करपवून फोन. ती वाटीतलं खायची, मी बोलणी खायचो, दोघांचं पोट भरायचं. सुई टोचायची, फोन ठेवायचा. जमलं होतं हो! म्हातारी पुन्हा खिडकीत बसायला लागली.

आणि एक दिवस घात झाला. आमची ही गोड झाली! नातू हसला म्हणे हिच्याकडे बघून, त्या आनंदात फोनवर म्हणते कशी, "अहो, किती करता हो तुम्ही तिचं. मला वाटलं नव्हतं." म्हातारीनं वाटीतून तोंड वर काढलं. मी घाबरलो. "अगं, मी तुझ्या कुंडीत उरलेला चहा ओततो रोज!" "असू दे हो, खत होईल." "मी पडद्याला हात पुसले!" "धुवायचेच होते." "मी तुझ्या बहिणीला जाडी म्हणालो, तिच्या तोंडावर!" "आहेच ती." मांजर निघाली वाटीपासून! मी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि म्हटलं, "अगं, खरं सांगू का, तू नाहीस तर बाहेरचं जेवण किती चवदार लागतंय मला!"

...वाटी चाटूनपुसून साफ. नंतर फोन थांबला तरी माझ्या कानात ती बोलतच होती.

पण ती संध्याकाळ... ती नका विचारू. विचारलीत? बरं. त्या संध्याकाळी मी शेफारलो होतो. फोनवर पट्टा जोरात, म्हातारीनं चार घास घेतले, मला वाटलं, आता खाणारच की सगळं, आणि मी वाट न बघता सुई टोचली. टुच्! त्याच वेळी पलीकडे नातू रडला, हिनं "थांबा, तुम्हाला नंतर बघते" म्हणून फोन ठेवला, आणि म्हातारीनं तोंड बाजूला केलं. बस्स. पुन्हा लावतोय तर हिचा फोन बंद! लेकीचा लावतोय, उचलत नाही! मी आपलं "खा गं, खा गं बाई" करतोय, तिकडे इन्सुलिन तर अंगात गेलंय, ते काय परत काढता येतंय? आणि थोड्या वेळानं ती उठली ती तिरकीच. भिंतीला धडकली. नजर कुठंतरी लागलेली, मान लटलटतेय, पाय फाकलेत...

दवाखान्यात फोन लावला. "म्हातारी पडली गं, सुई टोचली आणि तिनं खाल्लं नाही..." तर ती मुलगी हसायला लागली! "काका, आज कोण? हत्ती की जिराफ?" मी म्हटलं, "नाही गं पोरी, मीच आहे." "मीच कोण?" अहो, काय सांगू? मला पुढं बोलताच येईना. तोंडातून नुसता फाटका, चिरका असा काहीतरी आवाज. त्या पोरीनं माझा खरा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मीही कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. तिचं हसणं थांबलं. मग हळू म्हणाली, "काका, मध आहे घरात? बोटावर घ्या, हिरड्यांना चोळा. थोडाथोडा. शुद्धीवर आली, गिळायला लागली, की लगेच खायला घाला. खाल्लंच पाहिजे तिनं. डॉक्टरांना पाठवते."

मध चोळला. घाईत अर्धा मध माझ्याच मिशीला. पुन्हा चोळला. आणि म्हातारी मला कडकडून चावली! तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतका आनंद कशानं झाला नसेल. चाव, म्हटलं, अजून चाव!

आता खायला हवं. वाटी पुढे केली. बघते माझ्याकडे. हिचा फोन बंदच. मग काय करणार? जमिनीवर मांडी घातली, हिची शाल ओढली अंगावर, आणि आवाज लावला. हिचाच! "आलात का पसारा करून? एक काम धड नाही! चष्मा डोक्यावर आणि घरभर शोध!" कान हलला. "बसलेत बघा दगडासारखे! जीव जाईल ना तिचा!" वाटीत तोंड. एक घास. थांबलो की थांबते! मग सुटलो मी. चष्मा, चपला, नळ, दिवे, सगळं संपलं, तरी वाटीत अजून होतंच. आणि मग कुठून आलं कोण जाणे, "एकदा तरी माझ्याशी सरळ बोला हो! मी मेले तरी दहा माणसांत माझी नक्कल करून दाखवाल, आणि लोक हसतील, आणि तुम्हाला वाटेल, झालं काम!" ...हे मी म्हणालो? आवाज हिचा होता, पण हे हिनं मला कधीच ऐकवलं नव्हतं! थांबून विचार करायची सोय आहे का? चपचप चालू होती ना!

तेवढ्यात दारावर टकटक. वरच्या मजल्यावरचे मास्तर. "वहिनी आल्या वाटतं?" आता थांबलो तर घास अडकणार! तसाच, हिच्याच आवाजात ओरडलो, "मास्तर, मध्ये पडू नका! जिन्यात बनियनवर उभं राहून पेपर वाचता, शोभतं का या वयात?" बाहेरून मग बारीक आवाजात, "चुकलं वहिनी." गेले. तेव्हापासून सदरा घालतात!

त्यांच्या मागोमाग तो पोरगेला डॉक्टर दारात. बघतो तर काय, शाल घेतलेला, मिशीला मध लागलेला माणूस जमिनीवर बसून बायकी आवाजात स्वतःला झापतोय. मला वाटलं, आता हा मलाच टोचणार. तो शेजारी उकिडवा बसला, म्हणाला, "काका, थांबू नका. खातेय ती." आणि माझा वाजणारा फोन त्यानंच उचलून माझ्या तोंडापुढं धरला. आमची ही होती पलीकडे. तिनं ऐकलं सगळं. वाटी रिकामी झाली, मी थांबलो, आणि ती म्हणते, "अहो... मी अशी बोलते?"

मी म्हटलं, "नाही गं. ती आजारी आहे ना, म्हणून जरा सौम्य घेतलं."

मग नाक ओढल्याचा आवाज. "खाल्लं का तिनं?" "खाल्लं." "सगळं?" "सगळं." मग दोघांनीही फोन ठेवला नाही. डॉक्टरचा हात बिचारा दुखला असेल.

आली ना ती परत. म्हातारी उंबऱ्यापर्यंत चालत गेली, हिच्या पायावर पडली, हीही खाली बसली, दोघी रडतायत, म्हणजे एक रडतेय आणि एक पिशवी हुंगतेय. हिच्या तोंडी फक्त "किती केलंत हो, किती केलंत." मी म्हटलं, सुटलो! आता पट्टा सुरू कर, वाटी भर, मी मोकळा! तर म्हणते, "नाही हो. त्या दिवशी ऐकलं ते ऐकलं. यापुढं तुम्हाला एक शब्द बोलणार नाही मी." अगं पण ती खायची नाही! "नाही बोलणार." अगं, औषध म्हणून बोल! "नाही म्हणजे नाही." इतका गोड आवाज, की मांजर पलंगाखाली!

तेव्हापासून रोज असंच. ही खुर्चीत, पायावर पाय, हातात कप. मी खाली, शाल घेऊन, हिच्या आवाजात स्वतःचा उद्धार करतोय. मध्येच ही गोड आवाजात आठवण करून देते, "कालची छत्री राहिली हो, बसमध्ये विसरलात ती." घेतो, छत्री घेतो. "आज जरा मिळमिळीत झालं नाही?" चढवतो आवाज!

जन्मभर नवऱ्याला बोलून बोलून थकली बिचारी, रिटायर झाली. आणि तिच्या जागेवर लागलं कोण? ...मीच!