अठरा हजार फुटांवरचं सामान

फिरदोस : आन् ही छत्री कशाला घेतलीस?

दानिश : छत्री न्हाई ती. लाइटची हाय.

फिरदोस : ठाऊक हाय मला. दर लग्नात मीच धरून उभी असते. अठरा हजार फुटांवर कुणाचं लगीन हाय, ते इचारतेय.

दानिश : डोकं खाऊ नकोस. पोर्ट्रेट काढायची झाली तर?

फिरदोस : काढ की. डोंगराला म्हण, हनुवटी जरा खाली घ्या, स्माइल.

दानिश : बॅग काट्यावर ठेव. किती भरली?

फिरदोस : चौदा किलो. मोहिमेच्या मॅडमनी किती सांगितलंय?

दानिश : नऊ.

फिरदोस : मग काय, वरचे पाच वाऱ्यानं उडून जातील.

दानिश : ड्रोन काढू?

फिरदोस : काढ. बिगर परवानगीचा नेलास तर आर्मीवाले काढून घेतील. ती तोफेएवढी लेन्सबी काढ.

दानिश : अगं, झूम लागंल! शिखर लांब असतंय.

फिरदोस : लांब असतंय म्हणून तर चालत जायचं असतंय, भाई.

दानिश : बरं. स्टँड तरी?

फिरदोस : हलका घे, आन् त्याच्या पायांना कापड गुंडाळ. थंडीत धातू हात भाजल्यागत चावतोय.

दानिश : तुला कुणी सांगितलं?

फिरदोस : माझ्याच बोटांनी. डिसेंबरात महाबळेश्वरच्या ऑर्डरीला गेलो व्हतो, तवा. पहाटे मी वेण्णा लेकवर व्हते. तू हॉटेलात दोन रजयांखाली तपश्चर्या करत व्हतास.

दानिश : झालं सुरू पुन्हा.

फिरदोस : स्ट्रॉबेरीच्या पानांवरचं गोठलेलं दव. तेच फोटो बघून मोहिमेवाल्यांनी तुला निवडलं न्हवं? सोळा फोटो. त्यातला तुझा कंचा?

दानिश : बाहेर बोर्ड काय हाय? ‘दानिश फोटो स्टुडिओ’. स्टुडिओचे फोटो म्हणून पाठवले. खोटं काय त्यात?

फिरदोस : खोटं कायबी न्हाई. प्रत्येकाखाली ‘छाया : दानिश’ लिवलंस, तेवढंच.

दानिश : तुझं नाव टाकलं असतं तर अब्बांनी सोडलं असतं तुला? बारा दिवस, तंबूत?

फिरदोस : इचारलं व्हतंस त्यास्नी?

दानिश : न्हाई.

फिरदोस : मलाबी न्हाई इचारलंस.

(फोन वाजतो. दानिश स्पीकर लावतो.)

उत्कर्षा : नमस्कार, साताऱ्याहून उत्कर्षा बोलतेय, मोहिमेची लीडर. निघायला महिना आहे, पण सामानाची यादी आजच पक्की करू. बॅटऱ्या किती घेताय?

दानिश : दहा, मॅडम! चार्जरसकट.

उत्कर्षा : वा. आणि चार्जर लावणार कुठे? तंबूला भिंत नसते हो. उणे पंधरात बॅटरी बघता बघता मान टाकते. तेव्हा काय करता?

दानिश : आपली... प्रोफेशनल बॅटरी असती, मॅडम.

उत्कर्षा : असं. आणि बर्फाचे फोटो राखाडी येतात, तुमच्या फोटोंत पांढरा इतका स्वच्छ कसा आला?

दानिश : ते... त्या दिवशी हवामान चांगलं व्हतं.

फिरदोस : मग हवामानालाच न्या म्हणावं.

उत्कर्षा : कोण बोललं?

दानिश : कुणी न्हाई, मॅडम. हेल्पर हाय.

फिरदोस : व्हय मॅडम, हेल्पर. बर्फ बघून कॅमेरा फसतोय. त्याला वाटतंय उजेड लय झाला, म्हणून सगळंच काळवंडून टाकतोय. आपण हातानं उजेड एक-दीड स्टॉप वाढवायचा. बॅटऱ्या स्वेटरच्या आत, अंगाला लावून ठेवायच्या. आन् उबेला शिरायच्या आधी कॅमेरा पिशवीत घट्ट बांधायचा, न्हाईतर लेन्सला घाम फुटतोय.

उत्कर्षा : दानिश, हे सगळं हेल्परला कसं ठाऊक?

दानिश : मॅडम... ते फोटो हिचे हायत. माझी बहीण हाय ती, फिरदोस.

उत्कर्षा : सगळे?

दानिश : सोळाच्या सोळा.

उत्कर्षा : मग इतका वेळ मी कुणाची परीक्षा घेत होते?

दानिश : बोर्डाची, मॅडम.

उत्कर्षा : तो नापास झालाय. फिरदोस, आम्ही पाच बायका आहोत, तंबूत एक जागा आहे. डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागेल, आणि उद्यापासून रोज एखादा डोंगर चढावा लागेल. याल?

फिरदोस : मॅडम, मला भ्या वाटतंय.

उत्कर्षा : वाटलंच पाहिजे. न भिणाऱ्यांना मी नेत नाही.

फिरदोस : मग येते.

उत्कर्षा : घरी विचारा आणि संध्याकाळपर्यंत कळवा. ठेवते.

दानिश : ...फिरदोस, चुकलं माझं. अब्बांची तू काळजी करू नकोस, मी समजावतो. माझं ऐकतात ते.

फिरदोस : नको, भाई. तू दुकान बघ. माझं मी बोलते.