हिरव्या चहाचं निमित्त

हृदयतपासणीच्या खोलीबाहेर नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणकाकूंनी कान टवकारले. शेजारच्या आजोबांची तपासणी आजही पुढे ढकलली होती, आणि त्यांची बायको काही ऐकून घ्यायला तयार नव्हती.

"आदल्या दिवसापासून चहा बंद, असं नर्सनं बजावलं होतं ना?"

"काल रात्रीचा तो हिरवा होता गं. त्यात कुठे कॅफीन असतं?"

"असतं. काळ्यापेक्षा कमी, पण असतं. मागच्या खेपेला काळा प्यायलात, तेव्हाच तिनं सांगितलं होतं."

"विसरलो."

"माझ्या भावानं केलेला अपमान चाळीस वर्षं लक्षात आहे, आणि एवढंच विसरलात?"

"पुढच्या महिन्यात येऊ की."

"उद्या सकाळी यायचंय. मी वेळ घेऊन ठेवलीय. आणि घरी गेल्या गेल्या काळा, हिरवा, पांढरा, सगळा चहा शेजारी नेऊन ठेवणार आहे."

आजोबा बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले.

"काही वाईट निघालं तर?"

"तर मी कडक चहा टाकेन. दोघं पिऊ, मग पुढचं बघू."

"आणि काहीच नाही निघालं तर?"

"तर तुम्ही टाकायचा. उठा आता."