गोदाबाईचं कडवं

कळंबच्या स्टेजवर शेवटच्या कडव्यात म्या देवराव मास्तरचं नाव घेतलं, अन् समोर पोत्यावर बसलेल्या माह्या मायनं मान खाली घातली. गाणं माहं होतं. त्यात नाव तिचं होतं. दोन महिने कापूस वेचता वेचता म्या तिले ते आयकवलं होतं, अन् तिनं साऱ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं का आमच्या मुक्ताच्या गाण्यात माहं नाव हाय, कळंबले चाला. पाच बाया संगं घेऊन ती बैलगाडीनं आलती. अन् पोरीच्या तोंडून आयकलं काय, तं देवराव.

काय सांगू तुम्हाले, आमच्या गायन पार्टीत रीतच तशी, ज्यानं गाणं जोडलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येते, नाव आयकलं का लोक समजतात गाणं कोनाचं. म्या माहं नाव टाकलं नाई, मायचं टाकलं, कारण गोष्ट तिची होती. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, तवा घरातले देव नदीत कोन नेऊन टाकते म्हणून बाप्ये एकमेकाच्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. माह्या बापाले तं कापरंच भरलं, मरीमाय कोपली तं काय करतं म्हणे. माय उठली, टोपल्यात देव भरले, डोक्यावर घेतले, नदीत नेऊन बुडवले, अन् येताना त्याच टोपल्यात गवऱ्या घेऊन आली. चूल कोन पेटवन, म्हणे. तेच म्या गाण्यात जोडलं, टोपल्यासकट, गवऱ्यासकट.

मास्तर पार्टीचा मुख्य. पेटी त्याची, वही त्याची. पहिले आम्ही देवाचे भजनं गात होतो, ते बंद झाले, नवीन गाणे पायजे होते, अन् मास्तरले ते जमत नव्हते. मले जमे. मी चौथी पास हावो, लिहिता येत होतं, पन दिवसभर हात कापसात, मंग मी तोंडानं सांगे अन् तो वहीत लिही. तिथंच चुकलं माहं. मले वाटलं, लिहिनारा तो नुसता लिहिनारा.

कळंबले जायच्या सकाळी त्यानं वही दाखवली. मायच्या नावाच्या जागी त्याचं. काहून म्हणून इचारलं, तं म्हणे बाईचं नाव कडव्यात शोभत नाई, लोक हासतात, पार्टीची इज्जत जाते, अन् तुले पटत नसन तं घरी राह्य. मी घरी राह्यली नाई. वीस वर्साची होती, लोट्यात निखारे घालून लुगड्याले इस्त्री करून ठेवलती, स्टेजवर बसाची लय भूक होती. म्हणून गायली त्याचं नाव. मास्तरचा राग येतेच, पन त्याहून जास्त त्या इस्त्रीच्या लुगड्याचा येते.

परत येताना गाडीत एक बाई म्हणे, काहो गोदाबाई, देवराव नाव कवा ठेवून घेतलं? साऱ्या हासल्या. घरी आल्यावर माय एवढंच म्हणे, "टोपलं मास्तरनं उचललं होतं का?"

पुढच्या जयंतीले मुकुटबनले कार्यक्रम होता. तिथं म्या शेवटच्या कडव्यात मायचं नाव घेतलं. मास्तरनं पेटी बंद केली, ढोलकीवाल्याले खुणावलं, तोही थांबला. मी तशीच गायली, पेटीबिगर, ते कडवं दोनदा गायली. कोनी हासलं नाई. माय नव्हती तिथं, तापानं पडली होती. घरी येऊन सांगतलं तं म्हणे गाऊन दाखव. गायली. मंग म्हणे, कळंबचे लोक कुठं हायत आता आयकाले. अन् भिंतीकडे तोंड केलं. त्याच महिन्यात ती गेली.

पार्टीनं मले काढलं. मास्तर मोठा झाला, वहीचं पुस्तक छापलं, रेडिओवर गायला, शाली पांघरून घेतल्या. आजही जयंतीले भोंग्यावर तेच गाणं वाजते. नदी येते, टोपलं येते, गवऱ्या येतात, अन् शेवटी देवराव. नात म्हणते, आजी, जाऊ दे ना, कायले डोकं तापवते. कायले जाऊ देऊ?

मास्तर मेला. ढोलकीवाला मेला. गाडीतल्या पाचही बाया गेल्या. ते गाणं जोडनारी मी, गोदाबाईची मुक्ता, अजून जित्ती हावो.