लाल पापण्या

"इकडे पाहू नका भाऊ. तुमचे डोळे आले, मले लागतीन."

पांढरकवड्याच्या मोटारस्टँडवर नानाजीनं दुपट्टा तोंडावर ओढला.

"डोळे नाही आले जी. पापण्या सुजते. माही पोरगी पाळण्यात होती तवापासून. रोज कोमट पाण्यानं शेकतो, खपल्या पुसतो. बायकोले नाही लागलं, तुमाले काहून लागन?"

"तरी तिकडं तोंड करा. मी पोरासाठी पोरगी पाहाले चाललो. लाल डोळे घेऊन गेलो त पोरीचा बाप म्हणन, पिऊन आला."

"कोणाची पोरगी?"

"पाटणबोरीच्या डोमाजीची."

"बाप पाह्यला काय कधी?"

"नाही. मानूस लय सरळ हाये म्हणते."

"हाये थोडा. बरं, मले निघा लागते आता, ट्रकवाला बोलावून राह्यला. तुमी यायच्या आंधी घरी जाऊन पापण्या शेकून घेतो."