समोरच्याचा हात

—तिथं नको, तिथं नको बाई, त्या खुर्चीचा पाय हलतो, या इकडे, स्टुलावर बसा. आणि तो सीपीयू द्या माझ्याकडे. एवढं ओझं घेऊन रस्ता ओलांडलात तुम्ही? शाळेत शिपाई नाही का कुणी? बरं, असू दे. काय म्हणत होतात — बटण दाबलं की पंखा फिरतो, पडद्यावर लोगो येतो आणि मग तिथंच अडतं. पुढं नाही, मागं नाही. कधी दहादा बंद-चालू केलं की एकदा येतं, कधी दिवसभर नाही. म्हणजे लहर लागेल तसं. आमच्या घरीही आहे एक असंच, पण ते माणूस आहे. — हसा, हसा. आणि मुलांचे निकाल सगळे यातच? दुसरीकडे कॉपी? नाही. नसतेच. कुणाकडेच नसते. मी सांगतो प्रत्येकाला, कॉपी ठेवा, कॉपी ठेवा, सगळे मान हलवतात आणि बिघडलं की माझ्याकडे असं बघतात, तुम्ही बघताय तसं. काही होत नाही, घाबरू नका. म्हणजे होऊही शकतं. बघू.

हे स्क्रू बघितलेत? नका बघू, तुम्हाला नाही कळायचं. पण मला कळलं. सगळ्यांच्या खाचा उभ्या, एका रेषेत. असं कोण करतं माहितीये? समोरचा. तो निळ्या पाटीवाला, काचेचं दुकान. नाव घेत नाही मी त्याचं, घ्यायची गरजच पडत नाही, सगळं गाव घेत असतं. म्हणजे हा सीपीयू आधी तिकडे जाऊन आलाय. — राहू दे, राहू दे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. चांगला कारागीर आहे तो. मी कधी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही, कुणालाही विचारा. एवढंच की दाखवायचं वेड जरा जास्त. रोज काच पुसतो. स्वतः! दुकान उघडलं की आधी काच, मग पाटी, मग ती काउंटरवरची कुंडी — तिचं एकेक पान पुसतो ओल्या फडक्यानं. पान! गिऱ्हाईक ताटकळलंय आणि हा पानं पुसतोय. आणि गिऱ्हाईकही कसं, उभं राहतं हो! माझ्याकडे कुणी उभं राहतं का? — मी बघत बसतो असं नाही. माझी खुर्चीच अशी आहे, तोंड रस्त्याकडे, दिसतं ते दिसतं. भिंतीकडे तोंड करून बसू का? तो आरसा होय? तो उजेड यावा म्हणून तिरका लावलाय.

आमच्या मंडळींचंच घ्या. अजून त्याला भाऊजी म्हणते. मोबाईल बिघडला तिचा तर नवऱ्याचं दुकान सोडून रस्त्यापलीकडे गेली. का, तर म्हणे तुम्ही उघडता आणि महिनाभर तसंच ठेवता, भाऊजी लगेच देतात. आणि घरी येऊन वर मला दाखवते, बघा, भाऊजींनी काचही पुसून दिली. पुसेलच! पुसण्याशिवाय येतं काय त्याला! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही बाई. रात्री जेवायला बसलो तर पानात काय वाढलं होतं तेही आठवत नाही मला, तो चकचकीत मोबाईल तेवढा समोर ठेवलेला आठवतो.

निघालं झाकण. आता या, वाकून बघा. आहे की नाही देखणं? हे त्याचं काम. वायरी कशा वेणी घातल्यासारख्या, कुठं एक लोंबत नाही. आणि प्लास्टिकची पट्टी वापरत नाही तो, दोरा वापरतो, मेण लावलेला, आणि गाठी बघा, सगळ्या एकसारख्या, एकीला झाकावं आणि दुसरी काढावी. माझी सुटते अशी गाठ. म्हणजे मी काही शिकायला बसलो नव्हतो, एकदा सहज करून बघितली. दोनदा. पण मला सांगा, पत्र्याच्या आत कोण येतंय बघायला? — हो, तुम्ही आता बघितलीत. तेच तर! आम्ही एकत्र होतो तेव्हा हेच व्हायचं. याच दुकानात. ते तिथं त्याचं टेबल, हे माझं. बिघाड शोधायचो मी. कान लावायचो आणि सांगायचो, इथं आहे. त्यानं फक्त उघडायचं, बदलायचं, बांधायचं. आणि गिऱ्हाईक न्यायला आलं की आत डोकावणार आणि म्हणणार, वा, काय सुंदर काम! कुणाकडे बघून? त्याच्याकडे. शोधलेलं दिसत नाही ना बाई. बांधलेलं दिसतं.

मग समोरचा गाळा रिकामा झाला आणि तो गेला तिकडे. भांडण? छे, भांडण कसलं. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान लोकांना सांगायला काही राहिलं असतं. जाताना माझंही टेबल पुसून गेला. आणि आता माज बघा. परवा मी — मीच हं, आपणहून — दुकान उघडताना हाक मारली, काय रे, आज लवकर? रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो पाठमोरा, कुंडी पुसतोय. पुन्हा मारली. ढिम्म. एवढी वर्षं एका टेबलाला टेबल लावून बसलेला माणूस, मान वळवत नाही! त्या क्षणी म्हटलं, बस्स, आता आपण तोंड उघडायचं नाही. आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही मला, एका बाईंचा प्रिंटर उलटा जोडून दिला.

थांबा. गप्प बसा जरा. — मीच बोलतोय, खरंय, मीच गप्प बसतो. वरचा पंखा बंद करतो.

ऐकलंत?

नाही? पुन्हा लावतो. इथं हात ठेवा, हलकेच, ही डिस्क, तुमचे निकाल हिच्यात. आता… टिक. आला आवाज? पुन्हा… टिक. उठते, वेग घेते आणि मध्येच दम सुटतो. पुन्हा उठते. दम्याचं माणूस जिना चढतं तसं. तुमच्या शाळेच्या गलक्यात हे कुणाला ऐकू यायचं नाही, पण त्याच्या दुकानात ऐकू यायला काय हरकत होती? खरं सांगू का, डिस्क गेली असेल तर निकाल गेले, त्यात मी काही करू शकत नाही. पण गेलेली डिस्क खरवडते. ही खरवडत नाही. हिला नीट करंट पोचत नाही, एवढंच. आणि त्यानं काय काय केलंय बघा — मेमरी नवी, सेल नवा, पंखा नवा. सगळं घर शोधलं आणि किल्ली दारालाच. अरे, एवढी टिकटिक चाललीये, कान आहेत की शर्टाची बटणं?

आणि का पोचत नाही — अहाहा. या बाई, या, हे बघाच. ही वायर डिस्कच्या मागे जाते ना, ती इतकी ताणून बांधलीये की प्लग तिरका झालाय. आतली पिन मागे सरकलीये. कधी टेकते, कधी नाही. म्हणून लहर! एवढीशी, करंगळीएवढी सैल सोडली असती तर काही झालं नसतं. पण मग वेणी बिघडली असती ना! त्याच्या देखण्या गाठीनंच घात केला. मी काही बोललो नाही, काम बोललं. ती कात्री द्या. हा कापला दोरा. चिमट्यानं पिन पुढं घेतो… प्लग सरळ… आता दाबा तुम्ही बटण. तुम्हीच दाबा. — लोगो. थांबलंय, थांबू दे. फिरतंय. फिरतंय… आलं! आलं की नाही? अहो रडता काय, आहेत सगळे निकाल, एकही पोरगं नापास झालेलं नाही, म्हणजे जे झालंय ते झालंय. आधी कॉपी करून घेतो, बसा.

आता माझं एक काम करा. तुमच्या मुख्याध्यापिकांना जाऊन सांगा, अगदी असंच सांगा, त्याच्या गाठीमुळं बंद पडलं होतं आणि इकडे चालू झालं. शाळेचे सगळे कॉम्प्युटर तोच बघतो ना? ते काम मला हवंय. लपवत नाही मी. पोटासाठी म्हणाल तर नाही, माझं भागतं. मला ते त्याच्याकडून काढून घ्यायचंय. तुमच्या शाळेची गाडी माझ्या दारात उभी राहावी, एकेक कॉम्प्युटर उतरावा आणि त्यानं त्या पुसलेल्या काचेतून बघावं. एकदा तरी त्यानं माझ्याकडे बघत बसावं. हा काय माणूस आहे असं वाटत असेल तुम्हाला, वाटू दे.

काय?

कुणी? त्यानं? त्यानं पाठवलं तुम्हाला इकडे?

थांबा, घाई करू नका, नीट सांगा. काय म्हणाला — माझ्यानं होत नाही, समोर न्या, तो कान लावील आणि सांगेल. असं म्हणाला? याच शब्दांत? आणि शाळेचं काम… तेही सगळं इकडे द्या म्हणून मुख्याध्यापिकांना सांगून आला? स्वतः जाऊन? कधी? पण का? — ऐकू येत नाही म्हणजे काय? कमी येतं की येतच नाही? दोन्ही कानांनी?

म्हणजे परवा…

अहो, पण हे काय झालं? बघा ना, याला काय म्हणायचं? इतकी वर्षं मी मनात धरून बसलोय, एक दिवस हिसकावून घेईन, आणि हा उठतो आणि आणून हातात ठेवतो! असं घेतात का कुणी? दिलेलं नको होतं हो मला. आता मी शाळेत पाय ठेवला की सगळे म्हणणार, काय मोठ्या मनाचा माणूस, स्वतःचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं. मोठ्या मनाचा तो. दुसरा मी. आणि कान गेले तर हळहळही त्याचीच! आमच्या घरी कळू दे, आजच डबा जाईल भाऊजींना. माझे कान धड आहेत, त्याचं कुणी कधी कौतुक केलंय? एकानं तरी? — केलं. हो. त्यानं केलं. आत्ताच तर सांगितलंत तुम्ही. तो कान लावील आणि सांगेल. एवढ्या वर्षांत हे एक वाक्य कुणीतरी बोलावं म्हणून वाट बघितली, बाई, बायकोनं, गिऱ्हाइकानं, कुणीही — आणि बोलायचं ते यानंच? दुसरं कुणी नव्हतं? आता मी याचा राग कसा करू, सांगा. तुम्ही मुलांना शिकवता, तुम्हीच सांगा.

झाली कॉपी. ही घ्या, पर्समध्ये ठेवा, सीपीयूबरोबर नाही. आणि त्या गाठीचं बोलू नका कुठं. त्याच्याकडे तर नाहीच, मुख्याध्यापिकांकडेही नको. पिन सरकली होती म्हणा. सरकते कधी कधी, कुणाचा दोष नसतो. शाळेच्या कामाचं सांगतो नंतर. आज नाही. आज काही विचारू नका.

आलाय बघा दारात. फडकं खांद्यावर आहे. — हात करतोय. तुम्हाला नाही हो, मला. झालं का म्हणून विचारतोय, खुणेनं. तुम्हीच हलवा मान. नाही, मला नाही जमायचं. जा तुम्ही, जा. आणि जाताना ते शटर अर्धं खाली ओढा. ऊन येतंय डोळ्यांवर.